लॅपटॉप फ्रीजरमध्ये ठेवायची वस्तू नाही

‘गेम खेळताना लॅपटॉप अडकतो? हे ५ घरगुती उपाय करा’ असा एक मेसेज फिरतोय. काल तो भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने फ्रीजरमध्ये जागा करायला घेतली, म्हणून हे लिहितोय.

आधी फ्रीजरच घेऊ, कारण त्यात नुकसान कायमचं आहे. मेसेज म्हणतो, खेळण्याआधी १० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, जास्त ठेवलात तर आणखी उत्तम. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणारच. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून जो घाम सुटतो, तोच इथे मदरबोर्डवर, रॅमच्या खाचेत, चार्जिंगच्या पिनांवर सुटतो. झाकणाआड असल्यामुळे दिसत नाही एवढंच. त्यावर लगेच चार्जर लावून गेम सुरू केला की बोर्ड शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. ‘जास्त ठेवा’ हे तर बॅटरीच्या मुळावर येणारं. लिथियम-आयन सेल शून्याखाली असताना चार्ज केला तर आत लिथियमचा धातू साचतो, क्षमता कायमची घटते आणि सेल आतून शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. एवढं करून मिळतं काय? प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मिळून १०० वॉटच्या आसपास उष्णता ओतत असताना उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या दोन-तीन नळ्यांत साठलेला गारवा काही मिनिटांत संपतो.

‘८० अंशांच्या वर गेला म्हणजे प्रोसेसर जळतोय’ हेही खोटं. इंटेलच्या स्वतःच्या स्पेसिफिकेशन पानावर ‘टी-जंक्शन’ म्हणून कमाल तापमान दिलेलं असतं. बजेट गेमिंग लॅपटॉपांत सर्रास दिसणाऱ्या कोअर आय५-१२४५०एचसाठी ते १०० अंश आहे. गेममध्ये ८५ दिसणं नेहमीचंच. १००ला टेकलं की चिप स्वतःच वेग उतरवते; त्याला थ्रॉटलिंग म्हणतात आणि गेम अडकतो तो तिथे. तेव्हा काही करण्याआधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये चालू ठेवून २० मिनिटं खेळा, मग प्रोसेसरच्या थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळी आणि ‘मॅक्झिमम’चा रकाना बघा. तिथे ‘येस’ नसेल आणि ग्राफिक्स चिपही तिच्या मर्यादेला टेकली नसेल, तर दुखणं उष्णतेचं नाही: रॅम भरलेली असेल, चार्जर काढलेला असेल किंवा गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालत असेल.

आता टूथपेस्ट. मेसेज म्हणतो, प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पेस्टच्या जागी ती लावा. लावल्यावर पहिले काही तास तापमान उतरतं, हे खरं. मग तिच्यातलं पाणी उडतं, ती वाळून भेगाळते आणि लॅपटॉप पहिल्यापेक्षा जास्त तापतो. खरी थर्मल पेस्ट एवढी महाग नसते की हा उद्योग करावा.

व्हॅक्यूम क्लीनर जाळीला लावू नका. फॅन उलटसुलट गरगरतो, नळीच्या टोकाशी स्थिर विद्युत तयार होते, आणि मुख्य घाण जागची हलत नाही. ती असते फॅन आणि हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या मधे, नमद्यासारखा करडा थर होऊन. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. फॅनचे स्क्रू काढून तो बाजूला घेतला की तो थर चिमटीत येतो. उरलेली धूळ मऊ ब्रशने काढा. हवा मारायची असेल तर फॅनची पाती टूथपिकने अडवून धरा. हीटसिंक काढलात तर स्क्रूंशेजारी कोरलेले आकडे पाहा: सोडवताना उलट क्रम, आवळताना सुलट. मेमरी चिपांवरच्या थर्मल पॅडच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीच्या) जागी पेस्ट लावू नका, तिथली फट पेस्टने भरत नाही.

राहिला विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा’ हा सल्ला. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. त्याने टर्बो, म्हणजे गरजेला मूळ वेगाच्या वर जाण्याची प्रोसेसरची सोय, बंद होतो आणि तापमान खरोखर बरंच उतरतं. पण वर सांगितलेल्या प्रोसेसरचा टर्बो ४.४ गिगाहर्ट्झ आणि मूळ वेग २.० आहे, प्रोसेसरवर भार टाकणारा गेम असेल तर लॅग घालवायला गेलात आणि लॅगच पदरात पडला असं होईल. त्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम सेकंदाला ६०वर बांधा आणि लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचला. गादीवर ठेवून खेळत असाल तर आधी तो टेबलावर घ्या.