दोन मिनिटं आधी!

उशीर मी समजू शकतो. उशिराबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती वेगळी. पण बस आधी सोडायची? तीही रात्रीची शेवटची? 10.10 ची बस 10.08 ला?

काल गाडीतून उतरलो तेव्हा स्टेशनच्या घड्याळात 10.07 झाले होते. जिना चढलो, पूल ओलांडला, जिना उतरलो, आणि समोर बसचे मागचे लाल दिवे. हलणारे. धावलो. या वयात. खांद्यावर लॅपटॉप, पायात चावणारे नवे बूट, एका हातात छत्री, आणि ती छत्री हवेत नाचवत ‘ओ थांबा, ओ!’ असं ओरडत. ड्रायव्हरने आरशात मला पाहिलं. पाहिलंच! कारण वळणावर त्याने क्षणभर ब्रेक दाबला. दिवे लालभडक झाले, माझा जीव भांड्यात पडला, आणि मग साहेबांनी गिअर टाकला आणि निघून गेले. सरळ गेला असता तर मी दहा मिनिटांत विसरलो असतो. तो ब्रेक मात्र विसरणार नाही.

आत चार माणसं होती, चारही पेंगत होती. त्यांना घाई नव्हती. मग कुणाला होती?

कुणीतरी म्हणेल, दोनच मिनिटं तर. अहो, पुढची बस पहाटे 5.40 ला. म्हणजे माझ्यापुरती ती बस दोन मिनिटं लवकर नव्हती, साडेसात तास उशिरा होती. हा हिशोब मी भर रस्त्यात, छत्री हातात धरून केला आणि माझा मलाच इतका आवडला की तो ऐकवायला कुणी आहे का म्हणून आजूबाजूला पाहिलं. एक कुत्रं होतं. तेही उठून गेलं.

मग ते अ‍ॅप. नकाशावर पाच गाड्या, पाचही शहराच्या बाजूला, साखरेला मुंग्या लागाव्यात तशा. एकाने भाडं स्वीकारलं. नऊ मिनिटं. सहा मिनिटं. पुन्हा नऊ. मग अकरा. मग रद्द. वीस मिनिटं मी त्या इवल्याशा गाडीकडे डोळे लावून बसलो होतो, आणि शेवटी साडेदहाला चालायला लागलो. चार किलोमीटर. आमच्याकडे फूटपाथ आहे, नाही असं नाही. एका विजेच्या खांबापाशी सुरू होतो आणि पुढच्या खांबापाशी संपतो. मधल्या भागात गाडी लावलेली असते.

घरी 11.20. आणि सकाळी सातला, दार उघडून दुधाची पिशवी आत घेतोय, तोच शेजारच्या काकू गॅलरीतून: “काल चालत आलात वाटतं? अकरा वीस झाले असतील ना?”

असतील ना! मिनिटाला मिनिट. रात्री मी कुठल्या पायाने लंगडत आलो हे सकाळी अख्ख्या गल्लीला माहीत, पण भरदुपारी कुरिअरवाल्याला माझं घर सापडत नाही. ‘ग्राहक उपलब्ध नाही.’ मी दारात उभा होतो हो! सुट्टी टाकून उभा होतो! वाचनालय सहाला बंद, आम्ही शहरातून परतणार आठला. बिलाची खिडकी दहा ते पाच, म्हणजे नेमकी आम्ही गावात नसतो तेव्हा. आणि ते ‘शहरापासून अवघ्या 40 मिनिटांवर’ लिहिणारे. कुणी मोजली ती 40 मिनिटं? पहाटे तीनला, हेलिकॉप्टरने? चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 मध्ये मांडलं होतं की माणूस, कुठल्याही काळातला, दिवसाला साधारण तासभर प्रवास करतो. माझा तास सकाळी जातानाच संपतो. त्यापुढचं सगळं बिनपगारी.

शहरातले मित्र म्हणतात, “काय नशीबवान आहेस, हवा, शांतता!” हे म्हणतात आणि साडेआठलाच उठतात. का? बस चुकेल म्हणून!

शहराबाहेर अशी गावं वसवायच्या या सगळ्या कल्पनेचा मूळपुरुष एबेनेझर हॉवर्ड. पोटासाठी लघुलेखन करणारा गृहस्थ. 1898 मध्ये त्याने तीन लोहचुंबकांचं चित्र छापलं: एक शहराचं, एक खेड्याचं, आणि तिसरं दोन्हींमधलं चांगलं तेवढं एकत्र आणणारं. मधोमध प्रश्न: ‘लोक कुठे जातील?’ रात्री दहा आठनंतर कुठेच जाणार नाहीत, साहेब. खरं तर त्याला का बोलतोय मी? त्या बिचाऱ्याला नोकऱ्याही त्याच गावात हव्या होत्या. पुढच्यांनी झाडं ठेवली, घरं ठेवली, नोकऱ्या गाळल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं घेऊन आम्ही थांब्यावर.

आता एक सांगून टाकतो, नाहीतर काकू सांगतीलच. दोन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावरून 10.40 ची आणखी एक बस सुरू करायचं चाललं होतं. तेव्हा रहिवाशांनी हरकतीचा अर्ज दिला. रात्रीची शांतता भंग होते, झोपमोड होते, वगैरे. त्या अर्जावर तिसरी सही माझी आहे. सहीच नाही, मसुदासुद्धा माझा. ‘अवेळी’ हा शब्द तर मीच सुचवला होता, आणि तो मला फार समर्पक वाटला होता. काल चालताना तिसऱ्या किलोमीटरला तो आठवला. डाव्या टाचेला तेव्हा नुकताच फोड आला होता.

तरीही ब्रेकचं काय? ब्रेक दाबायचं कारण काय?

आज मुद्दाम ऑफिसातून लवकर निघालो. 9.50 ला थांब्यावर हजर, पायात जुने बूट. बस सुटली 10.26 ला. ड्रायव्हर कालचाच. चढताना त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने विचारलंच, “काल छत्रीवाले तुम्हीच होतात का?”

मी म्हटलं, “नाही.”