बाग कोणाला द्यायची?

मुंबईतली मैदानं आणि बागा खासगी संस्थांना सांभाळायला द्याव्यात का, हा वाद आमच्या शाळेच्या ग्रुपवर अधूनमधून डोकं वर काढतोच. 2016 मध्ये महापालिकेने दत्तक धोरण मंजूर केलं, बोंबाबोंब झाली म्हणून फडणवीसांनी स्थगिती दिली, 2023 मध्ये परत नवा मसुदा आला. एक म्हणतो पालिकेला साधा झोपाळा दुरुस्त करता येत नाही, द्या संस्थांना. दुसरा म्हणतो दिलं की संपलं, उद्या तिथे क्लबहाऊस आणि दारात वॉचमन.

मी लंडनला असते, लेक साडेतीन वर्षांची, आणि आमचं इथल्या मडशूटच्या शेतावर (शहरातच मेंढ्या-शेळ्या पाळलेली मोकळी जागा) जाणं असतं म्हणून यात तोंड घालतेय. हे शेत एक धर्मादाय संस्था चालवते, जागा साधारण 32 एकर, समोर कॅनरी वॉर्फचे बँकांचे टॉवर. मिलवॉल डॉकमधला उपसलेला गाळ इथे टाकायचे म्हणून हे नाव. 1974 मध्ये इथे टोलेजंग इमारती उठणार होत्या, आजूबाजूचे लोक इरेला पेटले आणि 1977 मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. आता असल्या महागड्या जागेवर मेंढ्या चरतात आणि आत जायला तिकीट नाही!

लेकीला टॉवरचं काही पडलेलं नाही. ती शेळीपुढे जॅकेटची दोरी धरते, शेळीने चघळली की किंचाळते, आणि लगेच परत दोरी पुढे करते. मग हात धुणं, त्यात मात्र सूट नाही, कारण शेणातला ई. कोलाय नावाचा जंतू पोटात गेला तर लहान मुलांच्या किडनीवर बेतू शकतं आणि नुसत्या सॅनिटायझरने भागत नाही, साबण-पाणीच लागतं. थंडीत यावरून रडारड ठरलेली.

तर संस्था की पालिका हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. इथली संस्था जागेसाठी भांडलेल्या शेजाऱ्यांची होती, आणि तिचा जमाखर्च चॅरिटी कमिशनच्या (म्हणजे धर्मादाय संस्थांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) साईटवर कोणालाही बघता येतो. (इथे सगळं गोड आहे असं अजिबात नाही, चाऱ्यापासून पगारापर्यंत देणग्या आणि ग्रँटच्या मागे पळावंच लागतं.) आपल्याकडे दत्तक घ्यायला आधी कोण पुढे येईल, चाळीतले लोक की नगरसेवकाच्या मर्जीतलं मंडळ? त्यामुळे ग्रुपवरच्या त्या दुसऱ्याची भीती मला खोटी वाटत नाही. फाटक सगळ्यांना फुकट उघडं, हिशोब फाटकावर चिकटवलेला, आणि वस्तीतल्या लोकांना समितीत मत, एवढं करारात लिहून देत असतील तर द्या की. नसतील तर राहू दे पालिकेकडेच.