‘ईआर पॉझिटिव्ह’ आलं म्हणून गोळी सोडायची?

स्तनाच्या कर्करोगाबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून येतो. त्यात चार गोष्टी असतात. रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे रक्तात इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन वाढलंय. सोयाबीन पूर्ण बंद करा. पाळी गेली की हॉर्मोन संपतात, मग औषध कशाला? आणि या आजारावर दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळीनेच कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनाच तसं म्हणते, तेव्हा ती थांबवा. पहिले तीन दावे चूक आहेत. चौथा अर्धा खरा आहे, आणि जीव जाऊ शकतो तो त्याच्यापायी.

ईआर ही मुळात रक्ताची तपासणीच नव्हे. बायोप्सीच्या तुकड्यावर रंग चढवून पॅथॉलॉजिस्ट पाहतात, की कर्करोगाच्या पेशींच्या केंद्रकात इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), म्हणजे इस्ट्रोजेन ज्याला जोडलं जातं ते प्रथिन, आहे का. शंभरातल्या एका पेशीत दिसला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. रक्तातलं इस्ट्रोजेन तेव्हा अगदी नेहमीइतकं असू शकतं. ते रिसेप्टरला जोडलं गेलं की पेशीला विभागायला लावणारी जनुकं चालू होतात. निरोगी स्तनातही हे घडतच असतं. पण विभाजन जितकं जास्त, तितकी डीएनएची नक्कल होताना चुका राहण्याची शक्यता जास्त, आणि अशा चुका वर्षानुवर्षं साचून गाठ होते. पाळी लवकर सुरू झालेल्या किंवा उशिरा गेलेल्या बायकांत धोका थोडा जास्त दिसतो, त्याचं एक कारण हे.

पाळी जाते म्हणजे अंडाशयांचं काम थांबतं, इस्ट्रोजेन संपत नाही. चरबीतलं अॅरोमाटेज नावाचं एन्झाइम अॅड्रिनल ग्रंथींकडून आलेल्या अँड्रोजेन या हॉर्मोनांपासून ते बनवत राहतं. लेट्रोझोल आणि अॅनास्ट्रोझोल ही औषधं याच एन्झाइमला रोखतात. म्हणजे ज्यांना ‘औषध कशाला’ म्हणून सांगितलं जातं, त्यांच्यासाठीच ही औषधं आहेत.

सोयाबीनमधले आयसोफ्लेवोन हे इस्ट्रोजेनसारखे घटक रिसेप्टरला चिकटतात, हे खरं. पण ते इस्ट्रोजेनपेक्षा फार दुबळे असतात. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या 5,042 बायकांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. जास्त सोया खाणाऱ्यांत आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमीच आढळलं. एवढ्यावरून सोया औषध ठरत नाही, पण सोयावड्यांची भाजी सोडायचंही कारण नाही. आयसोफ्लेवोनच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत.

आता टॅमॉक्सिफेन. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत टाकलंय, हे खरंच आहे. त्याच संस्थेने त्यामुळे दुसऱ्या स्तनातला कर्करोग कमी होतो, असंही नोंदवलंय. मेसेजमधून नेमकं तेवढंच गळतं! दोन्ही एकदम खरं कसं? ही गोळी स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर थोडीफार इस्ट्रोजेनसारखीच वागते. अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांत; रक्ताच्या गुठळ्यांचाही धोका असतो. म्हणून पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला किंवा पाय अचानक सुजला, तर लगेच दाखवायचं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यास पंधरा वर्षांतले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. हॉर्मोन रोखून उपचार करण्याची ही कल्पनाही आजची नाही. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर स्तनातल्या गाठी ओसरल्याचं 1896 साली लिहिलं, तेव्हा इस्ट्रोजेन सापडलंही नव्हतं. रिसेप्टर तर त्यानंतर साठेक वर्षांनी शिकागोत एलवूड जेन्सन यांनी दाखवला. ज्यांच्या गाठीत तो नसतो, त्यांच्यासाठी या गोळ्यांचा उपयोग नाही. त्यांचे उपचार वेगळे.

या गोळ्यांनी अंगाची लाही होते, सांधे धरतात, ही तक्रार खोटी नसते. ती डॉक्टरांपुढे मांडली तर औषध बदलता येतं. आणि या मेसेजमध्ये नसलेली एक खरी खबरदारी : नैराश्यावरची पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं कार्यक्षम रूप तयार होण्यात अडथळा आणतात. त्यांपैकी एखादं चालू असेल तर तेही परस्पर बंद न करता कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगा. पर्यायी औषधं आहेत.