वाचलेला वेळ गेला कुठे?

वेगळा रेल्वे अर्थसंकल्प 2017 पासून बंद झाल्याने संसदेचा वेळ वाचला, हे तुमच्याकडे छापून आलेल्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. मार्च 2023 मध्ये लोकसभेत रेल्वेसकट सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी लागणाऱ्या रकमा, गिलोटिन लावून (सगळ्या एकदम मताला टाकून) चर्चेविना मंजूर झाल्या. अर्थसंकल्प सुमारे 45 लाख कोटींचा, आणि सभागृहात नुसता गोंधळ! त्यात सत्ताधारी आणि विरोधक दोघेही होते, हेही सांगायला हवं.

रेल्वेवर स्वतंत्र चर्चा व्हायची तेव्हा खासदार आपल्या भागातल्या मार्गाचं, स्थानकाचं नाव घेऊन मंत्र्यांना विचारायचे. आम्ही कोकणातली माणसं ते कान देऊन ऐकायचो. आजही कोकण रेल्वेवर रायगड जिल्ह्यातल्या वीर स्थानकाच्या पुढे रत्नागिरीपर्यंत मार्ग एकेरीच आहे आणि गणपतीत गाड्या क्रॉसिंगसाठी थांबून राहतात. दुहेरीकरणाचा पैसा कोण, किती आणि कधी देणार, याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहातच द्यायला हवं. तरतुदींचे तक्ते संकेतस्थळावर असतात हे खरं, पण त्यांना उलट प्रश्न विचारता येत नाही. निदान रेल्वे आणि महामार्ग या दोन खात्यांच्या मागण्या दरवर्षी चर्चेला घेतल्याच पाहिजेत, असा नियम करा.