कॅथलीन ड्रू-बेकर आणि कालवाचा शिंपला

ब्रिटिश शैवालशास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांच्यावरच्या बहुतेक पोस्ट दोनच गोष्टी सांगतात. लग्न झालं म्हणून मँचेस्टर विद्यापीठातली नोकरी गेली, आणि जपानमध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. दोन्ही खरं. पण मधलं काम गाळलं की बाई नुसत्या बिचाऱ्या उरतात, आणि त्या बिचाऱ्या अजिबात नव्हत्या.

नोरी, म्हणजे सुशीभोवतीचं ते काळपट शैवाल, थंडीत वाढतं, उन्हाळ्यात दिसेनासं होतं, शरदात परत उगवतं. मधले महिने ते असतं कुठे? जपानी कोळ्यांना ठाऊक नव्हतं. जाळी लावायची आणि वाट बघायची. म्हणून तर त्याला जुगाराचं गवत म्हणत.

बाईंच्या टेबलावर नोरी नव्हतीच. वेल्समध्ये खातात ते लेव्हर, म्हणजे नोरीच्याच कुळातलं पोर्फिरा अंबिलिकॅलिस, होतं. त्याचे बीजाणू शिंपल्यावर पडले की चुन्यात भोक पाडून आत शिरतात आणि गुलाबी धाग्यांच्या रूपात वाढतात, हे त्यांनी दाखवलं. हे धागे १८९२ पासून ‘कोंकोसेलिस रोझिया’ या वेगळ्या शैवालाच्या नावावर जमा होते! १९४९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्यांचं छोटंसं टिपण आलं. क्युशू विद्यापीठाच्या सोकिची सेगावा यांनी तोच धागा धरून जपानी नोरी तपासली. तिथेही तेच: उन्हाळ्यात नोरी शिंपल्यात धागा होऊन राहते.

नोरीची आजची शेती या शिंपल्यावर चालते. हिवाळा सरताना कालवांचे शिंपले टाकीत पसरून त्यांवर नोरीच्या पानाचे बीजाणू सोडतात. उन्हाळाभर टाकीवर सावली लागते. उजेड जास्त झाला की हिरवं शेवाळ आणि डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल चढतात, मग शिंपले घासत बसा. शरदात पाणी २३ अंशांच्या आसपास उतरलं की धागे नवे बीजाणू सोडतात. मोठ्या चाकाला गुंडाळलेली जाळी त्याच पाण्यातून फिरवली की बीजाणू दोऱ्याला चिकटतात.

समुद्रात जाळी रोज काही तास पाण्याबाहेर काढावी लागतात. नोरीला सुकणं सोसतं, तिच्यावर चढणाऱ्या बाकीच्यांना नाही. रोपं २-३ सेंटिमीटर झाली की काही जाळी अर्धवट सुकवून उणे २० अंशांवर गोठवतात. पहिली जाळी रोगाने गेली तर ही राखीव. रोप फार दाट झालं की पाणी नीट खेळत नाही आणि लालकुजीला आयतं रान मिळतं. ही कुज पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव लावतो, तेही उबदार, गोडसर पाण्यात जास्त. आणि पाण्यातलं नत्र संपलं तर पान फिकं पडतं. मग भाव पडलाच म्हणून समजा.

यातलं बाईंनी काहीच पाहिलं नाही. त्या जपानला कधी गेल्याच नाहीत, १९५७ मध्ये वारल्या. जपानमधल्या उटो इथलं स्मारक १९६३ चं. दर १४ एप्रिलला तिथे त्यांच्या नावाने सोहळा होतो. स्मारकासमोरचा आरिआके समुद्र मात्र आता उशिरा थंडावतो. घाईने जाळी टाकली तर कोवळे कोंभ गळतात, आणि थांबलं तर हंगाम आखूड होतो.