३३३…३१ : ही रांग 'कायम मूळ' नाही

३१, ३३१, ३३३१, ३३३३१… मागे १ ठेवून पुढे हवे तितके ३ लावा, येणारी संख्या मूळच असणार, असा दावा सध्या फिरतो आहे. दावा चुकीचा आहे. मात्र फसायला होते ते उगाच नाही: ३३३३३३३१ पर्यंतच्या सातही संख्या खरोखर मूळ आहेत. सात वेळा खरे ठरले की आठव्यांदा तपासायचा कंटाळाच येतो.

आठवी संख्या ३३३३३३३३१. तिला १७ ने भागा. उत्तर १,९६,०७,८४३, बाकी शून्य. कागदावरचा दोन मिनिटांचा भागाकार. संगणकाचीही गरज नाही.

बरे, हा एकच अपवाद म्हणून सोडून द्यावा, तर तेही जमत नाही. या रांगेतली पुढची संख्या म्हणजे आधीचीची १० पट अधिक २१. त्यामुळे १७ ने भागल्यावर उरणारी बाकीही त्याच नियमाने बदलत जाते आणि दर १६ पायऱ्यांनी पुन्हा शून्यावर येते. म्हणजे ९ अंकी संख्येनंतर २५ अंकी, मग ४१ अंकी, अशा अगणित संख्यांना १७ ने भाग जातो. गंमत म्हणजे खुद्द ३१ सुद्धा पुढच्यांचा घात करतो. त्याचे चक्र १५ पायऱ्यांचे, म्हणून १७ अंकी ३३३…३१ ला ३१ ने नि:शेष भाग जातो.

'कितीही ३ लावा' ऐवजी 'सात ३ पर्यंत' असे लिहिले असते, तर मजकूर बरोबर ठरला असता.