बाबा, कलम पूर्ण वाचा

मामांनी रविवारी सकाळी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तीन लाल दिवे, खाली 'जागे व्हा'. मजकूर थोडक्यात असा: तुरुंग गुन्हेगारांनी भरले म्हणून सरकारने नवा कायदा आणलाय. आता एक तृतीयांश शिक्षा भोगली की खुनी, बलात्कारी बाहेर. चोरांना तर तुरुंगच नाही, चार दिवस झाडू मारायचा आणि घरी. जे आत आहेत त्यांना बिर्याणी, खुल्या तुरुंगात पिकनिक, सगळं आपल्या टॅक्सवर. उपाय एकच, नवे तुरुंग बांधा.

एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण तो बाबांनीही वाचला आणि दुपारी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना सांगून टाकलं, "जामिनाचं मला नाही जमणार." मावशींचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाईलचोरीच्या आरोपाखाली आत आहे. जामीन मंजूर होऊन सात आठवडे झाले, 15 हजारांचा एक जामीनदार हवाय. मावशी भाड्याच्या खोलीत राहतात. स्वतःच्या नावाची घरपट्टीची पावती असलेला त्यांच्या ओळखीतला माणूस एकच, आमचे बाबा. आदल्या गुरुवारी ते हो म्हणाले होते.

म्हणून हे लिहितोय.

आधी तो एक तृतीयांशवाला मुद्दा, कारण बाबा त्यालाच घाबरले. मेसेज लिहिणाऱ्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-जामीन-खटल्याच्या प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम 479 कुठेतरी ऐकलंय आणि अर्ध्यावर कान बंद केलेत. हे कलम शिक्षा भोगणाऱ्यांबद्दल नाहीच. ते कच्च्या कैद्यांबद्दल आहे, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा उभाच राहिलेला नाही. कलम म्हणतं, ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ जर माणूस निकालाआधीच आत बसला असेल आणि त्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल, तर त्याला जामिनावर सोडा. आधी शिक्षा झालेली असेल तर मुदत निम्मी. खटला चालूच राहतो, तारखाही चालू राहतात. आणि ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते तो यातून कलमाच्या पहिल्याच वाक्यात वगळलाय. खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे, बलात्काराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मग कुठला खुनी बाहेर येतोय? एकाहून जास्त केसेस चालू असलेल्यालाही या कलमाचा फायदा नाही.

आता याचा हिशोब मावशींच्या मुलाला लावून बघा. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं. एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. ज्या कायद्याला मामा ढिला म्हणतात तो सांगतोय, गुन्हा सिद्ध झालेला नसताना पहिल्यांदाच पकडलेलं पोर वर्षभर आत राहिलं तरी चालेल, त्यानंतर मात्र सोडा. निम्म्या मुदतीची तरतूद तर जुन्या कायद्यातही कलम 436-अ म्हणून होतीच. तेव्हा मामा नोकरीत होते, कुणी जागं व्हायला सांगितलं नाही.

दुसरं, 'तुरुंग गुन्हेगारांनी भरलेत'. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा तुरुंग अहवाल आहे, केंद्र सरकारचाच. देशभरातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266. आत होते 5,73,220. त्यातले कच्चे कैदी 4,34,302. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून बघा, 4,36,266 आणि 4,34,302. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय त्यांनीच जवळजवळ सगळी जागा भरलीय. शिक्षा झालेल्यांसाठी अख्ख्या देशात दोन हजार जागाही उरत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात तेव्हा साधारण 25 हजारांची जागा आणि 41 हजार माणसं. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आणि आत तिपटीहून जास्त लोक. बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं.

आणि यात असेही लोक आहेत ज्यांना कोर्टाने सोडलंय, पण ते सुटलेले नाहीत. 26 नोव्हेंबर 2022 ला, संविधान दिनी, राष्ट्रपती मुर्मू सुप्रीम कोर्टाच्या कार्यक्रमात यावरच बोलल्या. छोट्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं आत पडलेल्या गरिबांबद्दल त्या बोलल्या आणि आपण पुढे जातोय तर तुरुंग वाढवायचे कशाला, असंही विचारलं. मग कोर्टाने माहिती मागवली. जामीन मिळूनही आत असलेले सुमारे 5,000 कच्चे कैदी निघाले. गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने धावपळ केल्यावर त्यातले 1,417 सुटले. जामीन मंजूर झालेला असूनही! 31 जानेवारी 2023 ला कोर्टाने सूचना दिल्या. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट सैल करण्याचा विचार करू शकतं, स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट नको. मावशींच्या मुलाचे सात आठवडे झाले. त्यांच्याकडे आजवर कुणी फिरकलेलं नाही.

झाडू मारण्याबद्दल. इथे थोडं खरं आहे, मान्य करतो. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्यात, समाजसेवा ही नवी शिक्षा आलीय, आणि चोरीलाही आहे. पण कुठल्या चोरीला? माल 5,000 रुपयांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली. आजकाल बहुतेक स्मार्टफोन 5,000 च्या वरचेच. बाकी दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अब्रुनुकसानी असे मिळून सहाच गुन्हे. किती तास, कुठलं काम, देखरेख कुणाची, हे संहितेत नाही आणि ते ढिसाळच आहे. यावर मामांनी मेसेज केला असता तर मीच पुढे पाठवला असता. पण तुरुंगाशिवाय शिक्षा ही कालची टूम नव्हे. अपराधी परिवीक्षा कायदा 1958 चा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायची सोय त्यात तेव्हापासून आहे. फारशी वापरत नाहीत, हा भाग वेगळा.

पिकनिक म्हणताय ती आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन बघा. औंध संस्थानाने 1939 मध्ये तिथे कैद्यांची खुली वसाहत काढली. कुटुंबासह राहायचं आणि शेतात राबायचं. व्ही. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' या प्रसिद्ध सिनेमाची प्रेरणा हीच, आणि तो बघताना मामांचेच डोळे भरून येतात.

बिर्याणी: कॅन्टीनमधलं खाणं घरच्यांनी पाठवलेल्या मनिऑर्डरच्या पैशांतून घ्यावं लागतं. मावशी पाठवतात, आमच्याकडच्या पगारातून.

नवे तुरुंग: बांधा. वरचे आकडे बघा, तेही कच्च्या कैद्यांनीच भरतील.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मेसेजमध्ये नसलेला, खरा प्रश्न विचारला. "पळाला तर?" पळाला तर कोर्ट नोटीस काढतं, आणि कारण पटलं नाही तर जामीनदाराकडून बंधपत्राची रक्कम वसूल होते. जामीनदार म्हणून तुमचं नाव गुन्ह्यात येत नाही. धोका 15 हजारांचा. त्यातले निम्मे मी देतो म्हटलंय. उरलेले निम्मे मामा देणार का, ते ग्रुपवरच विचारलंय. दोन निळ्या टिका आल्यात.